आईच्या खानावळीतले खाडे

प्रश्न : ताई, मी कराडला राहते, बी.कॉम. झाले आहे. आठ महिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. तीन कोर्सचे सगळे व्हिडिओ पाहिले, दोन वह्या भरल्या. शिकवणारे लिहितात तेव्हा सगळं समजतं. व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की हात थांबतो, पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मला हे जमणारच नाही का? आईची खानावळ आहे, दोन्ही वेळा वाढायला मी असते, त्यामुळे दिवसाला दोनच तास मिळतात.

उत्तर : तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी शेवटच्या ओळीवर थांबले. खानावळीमुळे वेळ मिळत नाही, असं तू लिहिलं आहेस. मला मात्र वाटतं, तुला हवा तो कोर्स त्या खानावळीतच आहे. व्हिडिओतल्या माणसाने काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त कसं करायचं ते बघतो. कोऱ्या फाइलसमोर पहिल्यांदा ‘काय’ हा प्रश्न येतो, आणि त्याची सवय तुला कुणी लावलेलीच नाही. म्हणून हात थांबतो. यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही.

आईची मेंबरांची वही घे आणि महिनाअखेरीला खाडे कसे वजा करते ते तिला विचार. तिचा नियम तिच्याच शब्दांत लिहून घे. पुण्यात मी जिथे जेवायचे तिथला नियम असा होता : सलग तीन किंवा जास्त दिवस खाडे असतील तरच पैसे वजा, एखाद-दुसरा दिवस चुकला तर नाही. रविवारी रात्री खानावळ बंद, त्याचे पैसे कापायचे नाहीत. तुझ्या आईचा नियम वेगळा असेल. मी माझ्या आठवणीतला धरून बोलते.

पहिल्या दिवशी तीनच ओळी लिही. महिन्याचे ३,००० रुपये, दिवस ३०, म्हणजे दिवसाला १००. खाडे किती ते विचारायचे, १०० ने गुणायचे, ३,००० मधून वजा करून छापायचे. हे पहिल्या फटक्यात चालणार नाही, टाइपएरर येईल, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टींचा हिशेब होत नाही अशी तक्रार. घाबरू नकोस, आणि लगेच उत्तर शोधायलाही जाऊ नकोस. वजाबाकी काढून टाक आणि नुसता गुणाकार छापून बघ. तू ४ दिलेस तर ४०० च्या जागी ४ हा आकडा शंभर वेळा ओळीने उभा दिसेल. कारण इनपुटमधून येतो तो मजकूर असतो, संख्या नव्हे, आणि मजकुराला शंभराने गुणलं की पायथन तो शंभर वेळा लिहितं. हे व्हिडिओत तू नक्की ऐकलं असशील. पण ती शंभर चारांची रांग स्वतःच्या स्क्रीनवर एकदा पाहिलीस की इंट, म्हणजे मजकुराची संख्या करणारी आज्ञा, कशासाठी असतं ते पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. आणखी एक, आईने मोबाइलवर मराठी कीबोर्डने ‘४’ टाइप केलं तरी इंट त्याला चारच समजतं. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता खरा नियम. एक मेंबर ४, ५, ६, ७ तारखांना नव्हता, आणि नंतर १५ ला नव्हता. तुझा पहिला प्रोग्रॅम पाच खाडे धरून २,५०० रुपये सांगेल. आई बघताक्षणी म्हणेल, १५ तारखेचा कसा वजा केलास? बरोबर उत्तर २,६०० आहे. म्हणजे आता नुसते खाडे मोजून भागत नाही, एकेक दिवस तपासत जावं लागतं. ‘सलग’ नावाचा एक मोजक, म्हणजे मोजणीचा आकडा, ठेव. मेंबर नसेल तर त्यात एक वाढव. मेंबर आला की बघ, सलग तीन किंवा जास्त आहे का. असेल तर वजावटीत मिळव. मग सलगला शून्य कर.

हे लिहिलंस की तुला वाटेल, झालं. चार-पाच मेंबरांचे हिशेब जुळतीलही. मग असा एक मेंबर येईल जो २८, २९, ३० ला गावी गेला होता, आणि त्याला तुझा प्रोग्रॅम एक रुपयाही सोडणार नाही. का, ते मी सांगायला नको होतं, पण पत्राला उत्तर म्हणून सांगते : तू वजावट मिळवतेस ती मेंबर परत आल्यावर. हा महिना संपेपर्यंत परतच आला नाही. लूप, म्हणजे एकेक दिवस तपासणारी फेरी, संपलं आणि सलगमधले तीन दिवस तसेच राहून गेले. लूप संपल्यावर तीच तपासणी पुन्हा एकदा करावी लागते. या चुकीला मी स्वतः नोकरीत तीन-चारदा सापडले आहे, आकडे वेगळे, जागा वेगळी, चूक हीच. आणि जो ३० तारखेला गेला आणि २ तारखेला रात्री आला, त्याचं काय? तिथे पायथनकडे उत्तर नाही. आईला विचार. तिने आजवर ते माणूस बघून ठरवलं असेल, तर आता नियम करावा लागेल. प्रोग्रॅमिंगमधलं निम्मं काम हे असलं विचारणंच असतं.

चूक सापडत नसेल तर चौकटीची वही घे. मी १९९६ साली सांगलीत सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. टर्बो सीची ती निळी स्क्रीन दिवसाला तासभर वाट्याला यायची, एका मशीनवर दोघी. उरलेला वेळ आम्ही वहीवर प्रोग्रॅम चालवायचो. डावीकडे तारीख, शेजारी सलग, शेजारी वजावट, आणि एकेक ओळ खाली उतरत प्रत्येक रकान्यात आकडा भरायचा. यंत्र कमी होती म्हणून लागलेली ही सवय मी अजून सोडलेली नाही. आता घरी तीन लॅपटॉप आहेत आणि टेबलावर चौकटीची वही आहे. तू तेच कर आणि सोबत लूपच्या आत दर फेरीला सलग किती ते छाप. वही आणि स्क्रीन ज्या ओळीवर वेगळी होतील, तिथे चूक.

पैशांचं थोडं जपून. ३१ दिवसांच्या महिन्यात ३,००० भागिले ३१ म्हणजे ९६.७७ आणि पुढे न संपणारी शेपटी. आई किती धरते ते विचार, बहुधा सरळ १०० धरत असेल. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघ, नेमके ०.३ येत नाहीत, सतराव्या दशांश स्थळी एक ४ येऊन बसतो, कारण यंत्र अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोनाच्या घातांत साठवतं. माझा पहिला खरा प्रोग्रॅम वडिलांच्या किराणा दुकानाच्या उधारीचा होता. मी सगळ्या रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या संख्यांसाठीच्या प्रकारात, ठेवल्या. सीमधला तो फ्लोट साधारण सातच अंक नीट धरतो. उधारीची एकूण बेरीज लाखाच्या पुढे गेली आणि शेवटचे पैसे डळमळू लागले. वडिलांनी तोंडी बेरीज करून काही पैशांचा फरक दाखवला. मी म्हटलं, एवढ्याने काय होतं? ते म्हणाले, ज्याच्या नावावर आहे त्याला विचार. तेव्हापासून मी रकमा पैशांत ठेवते, पूर्णांकात, आणि छापताना शंभराने भागते.

एक नियम जमला की पुढच्याला हात लावण्याआधी गिटमध्ये नोंद कर. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी केलेलं हे साधन आज जवळजवळ सगळीकडे वापरतात. ‘खाडे शेवटचं’, ‘खाडे शेवटचं २’ अशा फाइलींचा ढीग त्याने टळतो, आणि काल चालत होतं ते आज मोडलं तर परत मिळतं. सुरुवातीला चार-पाच आज्ञा पुरतात.

महिनाअखेरीला लॅपटॉप आईपुढे ठेव आणि तू गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. ती कुठे अडखळते, कुठे चुकीचं बटण दाबते, ते फक्त लिहून घे. मुलाखतीला जाशील तेव्हा तीन कोर्सची प्रमाणपत्रं दाखव, पण बोलायला लाग ते खाड्यांवर. महिनाअखेरीच्या त्या तीन दिवसांची चूक तू कशी पकडलीस ते नीट सांगितलंस, तर समोरचा माणूस पुढे सरकून ऐकेल. मी अशा मुलाखती घेतल्या आहेत.

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, वय ४६. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. प्रोग्रॅमिंग शिकावंसं फार वाटतं. घरी संगणक नाही, अँड्रॉइड फोन आहे. इंग्रजी जेमतेम. उशीर झाला का? — एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : दादा, रोज शेकडो लोकांना टप्प्यांप्रमाणे तिकीट देणारा, सवलतीचे नियम तोंडपाठ असणारा आणि रात्री रोकड जुळवणारा माणूस ‘जर-तर’ शिकायला उशिरा कसा पडेल? फोनवर पायड्रॉइडसारखं ॲप घ्या, पायथन त्यात चालतं. छोट्या पडद्यावर लांब प्रोग्रॅम लिहिणं त्रासाचं आहे, पण वीस ओळींपर्यंत काही अडत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड मिळाला तर फार बरं.

इंग्रजीचं म्हणाल, तर पायथनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. बाकीची नावं तुम्ही द्यायची, आणि ती देवनागरीतही चालतात : ‘भाडे’, ‘टप्पे’, ‘सवलत’. मात्र प्रोग्रॅममध्ये आकडे लिहिताना इंग्रजीच लिहा, तिथे मराठी आकडा चालत नाही. चूक दाखवणारे संदेश पुन्हापुन्हा तेच ते येतात. दहा-बारा संदेश वहीत उतरवून शेजारी मराठीत अर्थ लिहा. नेमएरर म्हणजे हे नाव ओळखीचं नाही, इंडेक्सएरर म्हणजे यादीत इतक्या जागाच नाहीत. शेवटची ओळ आधी वाचायची, मग वर कितव्या ओळीत चूक आहे ते बघायचं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे मोफत आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा. त्यांची पद्धत मला मनापासून पटते : एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपलं काम, थोडं बघायचं, थांबवायचं, करायचं. तुम्ही पहिला प्रोग्रॅम टप्पे आणि सवलत यांवरून भाडं काढण्याचा करा. बरोबर की चूक ते तपासायला तुमच्याइतका जाणकार दुसरा कुणी सापडणार नाही.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा सगळा कोड एआयकडून लिहून घेतो. चालतोही. पण तोंडी परीक्षेत एका ओळीचा अर्थ विचारला आणि मी गप्प. एआय वापरणं बंद करू का? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बंद नको करूस, जागा बदल. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात. त्याने जीव वाचतो, भीती जाते. पण कुणीतरी काठावर उभं राहून एक दिवस तो सोडायला लावतं. तुझ्या काठावर तसं कुणी नाही, म्हणून ते तुलाच करावं लागेल.

आधी अर्धा तास स्वतः लिही, मोडकंतोडकं चालेल. अडलं की एआयला फक्त चूक विचार, पूर्ण कोड मागू नकोस. त्याने दिलेलं समजलं असं वाटलं की खिडकी बंद कर आणि तेच न बघता पुन्हा लिही. जिथे अडशील तेवढंच तुला आलेलं नाही, बाकी आलं.

आत्ता हातात असलेल्या प्रोजेक्टचं असं कर. रोज त्यातली एक ओळ मुद्दाम मोड. ‘पेक्षा मोठं’ असेल तिथे ‘मोठं किंवा बरोबर’ कर, लूप एकाऐवजी शून्यापासून चालव. आणि चालवण्याआधी काय होईल ते वहीत लिहून ठेव. ज्या दिवशी वहीतलं आणि स्क्रीनवरचं जुळणार नाही, त्या दिवशीचं दोन्ही मला पाठव.