वकील व्हायचंय, मग अकरावीला कोणते विषय?

प्रश्न: माझी मुलगी यंदा दहावी झाली, मार्क चांगले पडलेत. तिला वकीलच व्हायचंय. आमच्या घरात याआधी कोणी वकील नाही त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न आहे. दीर म्हणतात एवढे मार्क असून आर्ट्स कशाला, सायन्स घे, नंतर कुठेही वळता येतं. शेजारचे म्हणतात आर्ट्स नसेल तर लॉला ॲडमिशनच मिळत नाही. मुलगी मराठी मीडियमची आहे, इंग्रजीचं टेन्शन आहे. काय करावं?
– एक आई, सांगोला

उत्तर: ताई, आधी शेजाऱ्यांचं डोक्यातून काढून टाका. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही चालतात. बारावीला ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42 आणि एससी-एसटीला 40 टक्के लागतात आणि मग सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, एवढंच. आणि नंतर तिचं मन बदललं तरी कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, तो रस्ता बंद होत नाही.

आता दीरांचं. मुलीला फिजिक्स-केमिस्ट्री मनापासून आवडत असेल तर खुशाल सायन्स घ्या, पेटंटच्या कामात तर ते लागतंच, पेटंट एजंटच्या परीक्षेला सायन्स किंवा इंजिनिअरिंगचीच पदवी लागते. पण फक्त मार्क चांगले पडले म्हणून सायन्स घ्यायचं हे मला अजिबात पटत नाही. दोन वर्षं क्लास, प्रॅक्टिकल, जर्नल यात जातात, आणि नेमकी तीच दोन वर्षं तिला वाचायला हवी असतात.

माझं मत विचाराल तर आर्ट्स, आणि त्यात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि मिळालं तर तर्कशास्त्र. राज्यशास्त्र घेतलं की संविधान, संसद, न्यायालयं ही नावं लॉच्या पहिल्या वर्षाला परकी वाटत नाहीत. अर्थशास्त्र तर मी कुणालाच सोडू देत नाही, बाबासाहेबांची बीए अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रातली, माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची अर्थशास्त्र आणि गणितातली. तर्कशास्त्र सगळ्या ज्युनिअर कॉलेजात नसतं, त्यामुळे ऑनलाइन फॉर्ममधे पसंतीक्रम टाकायच्या आधी कॉलेजात जाऊन विचारून या.

तर्कशास्त्रावर एवढा जोर का ते सांगते. प्रवेश परीक्षेत असे प्रश्न येतात: नियम दिलेला असतो की दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. मग गोष्ट अशी की हॉटेलातून निघताना एकाने स्वतःची समजून दुसऱ्याची छत्री उचलली, रंग सेम होता. चोरी झाली का? निम्मी मुलं पटकन हो म्हणतात कारण छत्री दुसऱ्याची आहे, विचारलेलं नाही, उचलली पण आहे. पण नियमात हेतू लिहिलाय ना, आणि तो इथे अप्रामाणिक नाही, म्हणून चोरी नाही. एवढा एक शब्द वाचताना निसटला की उत्तर गेलं. आणि कोर्टातपण अगदी हेच होतं, फक्त तिथे मार्क जात नाहीत, पक्षकाराचं घर किंवा शेत जातं.

गणित सोडलं तरी चालेल पण दहावीचं गणित विसरून चालणार नाही. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी हे आपल्या सीईटीतही असतं आणि क्लॅटमधेही (राष्ट्रीय लॉ युनिव्हर्सिट्यांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा), क्लॅटमधे साधारण दहा टक्के. रविवारी एक तास पुरतो, पण तो तास ठेवा.

इंग्रजीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण मराठी मीडियमच्या बहुतेक घरांतून हीच भीती कळवतात. राज्याची लॉ सीईटी मराठीतही देता येते. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे वाचून दोन तासांत 120 प्रश्न सोडवायचे आणि चुकलं की पाव मार्क कापतात. तेव्हा इंग्रजी आत्तापासूनच, रोज पेपरचा एक अग्रलेख, आधी समजून घ्यायचा आणि मग पाच ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहायचा. पण म्हणून मराठी सोडू नका हो ताई! तालुक्याच्या कोर्टात सातबारा, फेरफार, वाटणीपत्र सगळं मराठीत येतं, दावा आणि कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) मराठीत लिहावी लागते, आणि तेच प्रकरण हायकोर्टात गेलं की इंग्रजी. एका भावाने वारसनोंद (मयताच्या जागी वारसांची नावं लागल्याची नोंद) दाखवून वाटणी झालीच आहे असं म्हटलं तर वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे हे फेरफाराच्या त्या दोन ओळीतून काढता आलं पाहिजे. ज्याला दोन्ही भाषा नीट लिहिता येतात असा वकील मिळणं अवघड झालंय, तुमच्या मुलीची मराठी ही तिची जमेची बाजू आहे, तिला कमीपणा वाटू देऊ नका.

प्रश्न: मी बारावी कॉमर्सला आहे, आता लॉ करायचं ठरवलंय. आर्ट्स घेतलं नाही याचं वाईट वाटतंय. वर्ष फुकट गेलं का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: अरे काहीही फुकट गेलेलं नाही. बुक कीपिंग आणि चिटणिसाची कार्यपद्धती शिकलेल्या मुलाला कंपनी कायदा, टॅक्स, चेक बाउन्स या केसेस लवकर कळतात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला की 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे भरायला 15 दिवस, त्यात नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, हा हिशोब ज्याला तारखा आणि खातं जुळवायची सवय आहे त्याला सोपा जातो. बीबीए एलएलबी हा मॅनेजमेंट आणि लॉ एकत्र असलेला पाच वर्षांचा कोर्सपण काही कॉलेजात आहे, तेही बघ. तुझं कमी पडत असेल तर चालू घडामोडी आणि वाचन, ते आजपासून सुरू कर. आणि क्लॅट द्यायची असेल तर बोर्डाच्या परीक्षेची वाट बघू नको, ती हल्ली डिसेंबरमधे होते आणि फॉर्म त्याच्या काही महिने आधीच सुटतो.