ड्रीम थिएटर या अमेरिकन रॉक बँडचा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा कथा सांगणारा अल्बम दोनदा ऐकला, कथा कळली नाही. आधी कथानक वाचून घ्यावं का?

नको. मी नेमकं तेच केलं होतं. सगळं वाचून मग ऐकायला बसलो आणि शेवटच्या गाण्यात जो धक्का बसायला हवा होता तो बसलाच नाही. म्हणून शेवट इथेही सांगणार नाही.

गोंधळ होतो त्यात तुमचा दोष नाही. संमोहनाखाली गेलेला निकोलस, त्याला दिसणारी व्हिक्टोरिया, तिच्या आयुष्यातले ते दोघे भाऊ, या सगळ्यांचं एकटा बँडचा गायक जेम्स लाब्री गातो. काळ कधी आजचा, कधी १९२८ चा. मध्येच ‘बियाँड धिस लाइफ’मध्ये तो खुनाची बातमीच गायला लागतो. नुसत्या आवाजावरून कोण बोलतंय हे कळणं अवघड आहे. सीडीबरोबरची गीतांची पुस्तिका मिळाली तर ती समोर ठेवा, कोणती ओळ कोणाची ते तिच्यात दिलेलं आहे.

पण माझा खरा सल्ला वेगळा आहे: कथा शब्दांपेक्षा चालींमध्ये शोधा. त्यासाठी आधी त्यांच्या १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या अल्बममधलं ‘मेट्रोपोलिस पार्ट १’ चार-पाच वेळा ऐका, अंगवळणी पडेपर्यंत. १९९९ चा हा अल्बम त्याचाच दुसरा भाग आहे. मग ‘ओव्हर्चर १९२८’ लावलंत की जुन्या ओळखीचे तुकडे कानावर पडू लागतील. ‘होम’मध्ये तर जुन्या गाण्याच्या ओळी थोड्या बदलून परत येतात. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ हे नावसुद्धा त्या गाण्याच्या शेवटच्या ओळीतून उचललेलं आहे. अल्बमच्या आतही हाच खेळ चालतो. सुरुवातीला ‘रिग्रेशन’मध्ये गिटारवर हळूच गायलेली ओळ तासाभराने ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’मध्ये मोठी होऊन भेटते. ती ओळखू आली की निकोलस कुठून कुठे पोचला ते कोणी सांगावं लागत नाही.

‘डान्स ऑफ इटर्निटी’ला घाबरू नका. रूपकाच्या सात मात्रा असोत की झपतालाच्या दहा, आवर्तन एकदा कळलं की सम कुठे येणार ते कळतं. इथे आवर्तनच बदलत राहतं, सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा. मी एकदा बोटांवर मोजायला गेलो आणि मिनिटभरात नाद सोडला. मध्येच कीबोर्डवादक जॉर्डन रूडेस जुन्या रॅगटाइम पद्धतीचा पियानो वाजवून जातो, ते ऐकून मला आजही हसू येतं. बँडबरोबर हा त्याचा पहिलाच स्टुडिओ अल्बम, आणि आल्या आल्या हे!

‘थ्रू हर आइज’ मला जरा गोडमिट्ट वाटतं, पण गाळू नका. पहिला अंक तिथे संपतो. दम खायचा असेल तर तिथेच थांबा, कारण लगेच जवळजवळ तेरा मिनिटांचं ‘होम’ सुरू होतं आणि ते अर्धवट ऐकण्यासारखं नाही. बाराही गाणी क्रमानेच ऐका. एकूण ७७ मिनिटं लागतात. सुटी सुटी ऐकलीत तर आता झाला तसाच घोळ पुन्हा होईल.

आणि ‘फायनली फ्री’च्या शेवटी जी खरखर येते ती आली की संपलं समजून बंद करू नका, पूर्ण ऐका. २००२ चा त्यांचा पुढचा अल्बम त्याच खरखरीने सुरू होतो.