सगळं मोबाइलवर मिळत असताना बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून कॉलेजचा ग्रंथपाल होण्यात अर्थ आहे का?

आहे. पण पुस्तकं देणं-घेणं एवढंच काम डोक्यात असेल, तर या वाटेला जाऊ नका. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर हे सांगतेय.

गेल्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी प्रकल्पाची संदर्भसूची घेऊन आली. "मॅडम, यातले लेख कुठेच सापडत नाहीत." चॅटजीपीटीने दिलेले नऊ संदर्भ होते. आम्ही शेजारी बसून एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाकून पाहिला. चार लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, खंड खरा, पण त्या पानांवर भलताच लेख. तासभर गेला, पण पडताळायचं कसं हे ती शिकून गेली. पाचवा संदर्भ आल्यावर तिनेच माउस हातात घेतला.

दुसरं काम कुणाला दिसत नाही, आणि माझा जीव त्यातच जास्त आहे. आम्ही कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली घेतली तेव्हा जुन्या संगणकातल्या मराठी नोंदी उघडल्या, तर पडद्यावर नुसती चिन्हं. सगळं युनिकोड ही आजची प्रमाणित पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. काही नोंदी रोमन लिपीत होत्या, त्यांची तऱ्हा वेगळी. 'ज्ञान' हा एक शब्द घ्या: कुणी तो 'डी-एन'ने सुरू केला, कुणी 'जे-एन'ने, कुणी 'जी-वाय'ने. पुस्तक कपाटात, आणि शोधलं की "नोंद नाही". मग मार्क या पुस्तक-नोंदीच्या ठरलेल्या साच्यातल्या 245 क्रमांकाच्या रकान्यात देवनागरी शीर्षक आणि 246 मध्ये ही सगळी रूपं, असं एकेक पुस्तक हातात घेऊन केलं. अजून संपलेलं नाही. मराठी येणाऱ्या, पुस्तक ओळखणाऱ्या माणसाशिवाय हे होत नाही.

बाकी झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर शिका, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध कसा चढतो ते बघा. साम्य-अहवाल, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा अहवाल, वाचायला शिका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, पण तो आकडा संदर्भसूची आणि योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं वगळून धरायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे मुलं उगाच रात्र-रात्र वाक्यं फिरवत बसतात. 2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत सरकारी संस्थांना सुमारे 13 हजार नियतकालिकं मिळाली आहेत. त्यातलं आपल्या विषयाचं कुठलं, हे दाखवणारं कुणीतरी लागतंच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कॉलेजच्या ग्रंथपाल पदाला नुसतं बी.लिब. पुरत नाही. 55 टक्क्यांसह एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, हा नेहमीचा रस्ता. अनुदानित कॉलेजांतली भरती रखडते, तेव्हा काही वर्षं कंत्राटी पगारावर काढायची तयारी घरच्यांशी बोलून ठेवा.

प्रवेश घेण्याआधी प्रकल्प जमा करायच्या दिवसांत जवळच्या एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारून दोन-तीन दुपारी त्यांच्या टेबलाशेजारी बसा. मुलं काय विचारायला येतात ते ऐका. ते सोडवावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.