अंतुले, सिमेंटची परमिटे आणि ओरोसचे कलेक्टर ऑफिस

प्रश्न (पेडणे) : आमचे सोयरे बांदा-सावंतवाडीकडचे. सिंधुदुर्ग जिल्हा अंतुल्यांनी दिला, असे ते सांगतात. खरे का? आणि मुसलमान पुढारी रायगडात इतकी वर्षे निवडून कसा आला? तिकडे वस्ती मोठी आहे का?

उत्तर : खरे आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री होते. त्याआधी जमिनीचे अपील घेऊन सावंतवाडीच्या माणसाला दीडशे किलोमीटरहून लांब रत्नागिरी गाठावी लागे. पणजी त्याला कितीतरी जवळ. आता कलेक्टर ओरोसला बसतो. त्याच वर्षी १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

वस्तीचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत गोव्यात मुसलमान ८.३३ टक्के होते, आणि रायगड जिल्ह्यातही आठ-नऊ टक्क्यांच्याच आसपास. श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यात प्रमाण जास्त आहे, पण तिथेही कुणबी, आगरी, कोळी मते सोडून कोणी निवडून येत नाही. अंतुले सावित्रीकाठच्या आंबेतचे, म्हणजे गावचेच. १९६२ ते १९७६ ते श्रीवर्धनचे आमदार होते आणि त्यातली बरीच वर्षे मंत्री; बंदरे, कायदा, बांधकाम ही खाती त्यांच्याकडे होती. जिथे पावसाळ्यात गाव तुटते, तिथे पूल आणि जेटी मंजूर करणारा माणूस मतदाराला आधी दिसतो, त्याचे आडनाव नंतर.

मुख्यमंत्रिपदाचा रस्ता मात्र वेगळा. १९७८ च्या काँग्रेस फुटीत ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. ९ जून १९८० ला खुर्ची मिळाली ती दिल्लीच्या विश्वासावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारांचा गट त्यांच्या पाठीशी कधीच नव्हता. पुढे अडचण आली तेव्हा हे जाणवले.

प्रश्न (फोंडा) : सिमेंट प्रकरणात त्यांची खुर्ची गेली, एवढेच ठाऊक आहे. पण सिमेंटातून पैसा निघतो कसा?

उत्तर : आज हार्डवेअरच्या दुकानात हवी तेवढी पोती मिळतात, म्हणून हे कळायला जड जाते. त्या वेळी सिमेंट नियंत्रित होते. भाव सरकार ठरवी, माल अपुरा, आणि कोणाला किती पोती हे परमिटावर ठरे. काळ्या बाजारात त्याच पोत्याचा भाव बराच चढा. म्हणजे परमिटाचा कागद हीच रोकड. मुंबईच्या बिल्डरचे काम सिमेंटावाचून थांबले की उभे भांडवल व्याज खात बसते, त्यामुळे कागदासाठी तो पैसे मोजायला तयारच असे.

गरजू कलावंत-साहित्यिकांना मदत करायची म्हणून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान निघाले. १९८१ च्या ऑगस्टअखेर इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींनी लिहिले की बिल्डरांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा मेळ बसतो. मृणाल गोरे, प. बा. सामंत आदी मंडळी हायकोर्टात गेली. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि वाटप यांचा संबंध दिसतो असा निकाल दिला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले.

प्रश्न (डिचोली, कायद्याची विद्यार्थिनी) : अंतुल्यांच्या खटल्याचे दाखले वर्गात पुन्हापुन्हा येतात. एकच खटला, मग निकाल इतके का?

उत्तर : भाजपचे रामदास नायक यांनी याच सिमेंट प्रकरणावरून खाजगी फिर्याद केली आणि प्रत्येक पायरीवर नवा कायदेशीर मुद्दा निघाला. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल तारखेवारीने लक्षात ठेवा, गोंधळ होणार नाही. फेब्रुवारी १९८४ : ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद आरोपीने सोडले असेल तर खटला भरायला सरकारी मंजुरी लागत नाही, आणि आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ नुसार लोकसेवक नाही. याच निकालात खटला हायकोर्टाकडे वर्ग झाला. एप्रिल १९८८ : सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की असे वर्ग करणे चूक, कारण १९५२ च्या कायद्याने हे काम विशेष न्यायाधीशाचे. सर्वोच्च न्यायालयाने आपलीच चूक दुरुस्त केली, म्हणून या निकालाला एवढे महत्त्व. डिसेंबर १९९१ : जलद खटला हा कलम २१ खालचा हक्क, पण त्याला ठरावीक वर्षांची मुदत घालता येत नाही. परीक्षेत दोन ‘कलम २१’ची गल्लत होते, पहिले दंड संहितेचे, दुसरे संविधानाचे.

प्रश्न (म्हापसा) : एवढे होऊनही ते केंद्रात मंत्री झाले. मग २००९ मध्ये का हरले?

उत्तर : कुलाब्यातून ते १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये खासदार झाले. २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार खाते निघाले, त्याचे ते पहिले मंत्री. २००८ च्या अखेरीस हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दलच्या त्यांच्या विधानावरून संसदेत गदारोळ झाला. त्याने मते गेली असतील; पण नकाशा पाहिल्याशिवाय हा निकाल उलगडत नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कुलाबा मतदारसंघच संपला. पनवेल, कर्जत, उरण मावळला गेले, आणि नव्या रायगडला रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली, गुहागर जोडले. समोर होते अनंत गीते, जुन्या रत्नागिरी मतदारसंघाचे चार वेळचे खासदार.

प्रश्न (वास्को) : आमच्या भागातून अल्पसंख्याक समाजातला तरुण अपक्ष उभा राहू पाहतो. भाषणात समाजाचे नाव घेतले तर चालते का? आणि अर्ज कशावरून बाद होतो?

उत्तर : समाजाच्या अडचणी मांडायला हरकत नाही : कब्रस्तानाची जागा, शाळा, भाड्याने घर न मिळणे. ‘आपला म्हणून मत द्या’ म्हटले की लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २ जानेवारी २०१७ च्या निकालानंतर उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येत नाही. निवडणुकीच्या निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टाच्या पर्वरीच्या खंडपीठात याचिका होऊ शकते, आणि निवडून आलेली जागा जाऊ शकते.

अर्जाचे म्हणाल तर अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारे मतदार, लागतात. एखाद्याचे नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघाले की घात होतो, म्हणून अर्जाचे चार संच भरता येतात ते वेगवेगळ्या सूचकांचे भरा. विधानसभेची अनामत १०,००० रुपये; वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते नसतील तर ती जाते. फॉर्म २६ चे, म्हणजे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांच्या माहितीचे, प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करावे आणि एकही रकाना कोरा सोडू नये. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावे. संविधानावरील निष्ठेची शपथ अर्ज दिल्यावर, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते, आणि धावपळीत तीच विसरते. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. गोव्यात विधानसभेला २०२२ पासून मर्यादा २८ लाखांची आहे. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा, हरलात तरी; नाही दिला तर तीन वर्षे उभे राहता येत नाही.