प्लांटेड टँकचा फोटो फिका येतो. नवा आरजीबी लाइट घेऊ की टाकी नव्याने लावू?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे साडू डोळ्यांसमोर उभे राहिले. तुमची खऱ्या झाडांची, माशांची दोन फुटी टाकी, दोन वर्षं जुनी, झाडं माजलीत, मोबाइलवर फोटो काढला की सगळा हिरवा गोळा दिसतो, माशांचा रंग येत नाही, आणि दुकानदार म्हणतोय आरजीबी लाइट घ्या. हेच दुखणं मी भोगलंय. फक्त माझ्याकडे दुकानदाराच्या जागी साडू होते.

लाइट घेऊ नका. निदान आत्ता नको. टाकी मात्र खुशाल उपसा आणि नव्याने लावा. का, ते सांगायचं तर २०२२चा गणपती सांगावा लागेल.

कोरोनानंतरचा तो पहिला मोकळा गणपती. आमच्याकडे दहा दिवसांचा असतो. मखराची जागा त्या वर्षी नेमकी माझ्या टाकीशेजारी आली. टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ६५ लिटर. समोर माँटे कार्लो या बुटक्या झाडाचा गालिचा, मागे रोटालाची उंच झाडं, वीस नियॉन मासे, झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा छोटा सिलेंडर. लाइट टायमरवर, दुपारी ३ ते रात्री ९. सहा तास, एक मिनिट जास्त नाही. ती घडी बसवायला मला आठ महिने लागले होते.

पहिल्या दिवशी सकाळच्या आरतीला साडू सहकुटुंब आले. टाकी अंधारात बघून म्हणाले, "अहो, बाप्पा आलेत आणि तुमच्या टाकीत सुतक?" मी टायमरचं सांगायला लागलो तर म्हणाले, "झाडांना सूर्य बारा तास मिळतो की. तुम्ही सहा तासांवर का उपाशी मारता त्यांना?" आणि टायमरमधला प्लग काढून सरळ बोर्डात खोचला. सासूबाई शेजारी बसलेल्या. सणाच्या दिवशी साडूशी टायमरवरून भांडणारा जावई मला व्हायचं नव्हतं. झालो असतो तर बरं झालं असतं.

पहाटे साडेपाचला पूजेची तयारी सुरू व्हायची तेव्हा लाइट लागायचा, रात्री साडेअकराला शेवटचा पाहुणा गेला की बंद. सहाचे अठरा तास. असे दहा दिवस. सहाव्या दिवशी काचेवर हिरवी धूळ बसली. आठव्या दिवशी माँटे कार्लोवर केसाळ शेवाळ, बोटाला गुंडाळलं तर लोकरीसारखं निघत होतं. अनंत चतुर्दशीला मी मिरवणुकीच्या गडबडीत असताना साडूंनी फोटो काढला. समोरून फ्लॅश मारून. वरच्या अर्ध्या भागात काचेवरचा झगमगाट आणि त्यात त्यांचंच पोट, खालच्या अर्ध्यात हिरवा कापूस. फोटो घरच्या ग्रुपवर, खाली ओळ : "शेवाळाचं शेत. एकरी भाव काय?" मेव्हण्याने लिहिलं, "कर्जमाफीत बसतं का बघा." सासूबाईंनी हात जोडलेले टाकले.

आता साडूंच्या सूर्याबद्दल, कारण हा मुद्दा तुमचा दुकानदारही काढेल. त्यांच्या चार फुटी टाकीत एक फ्लॉवरहॉर्न मासा, निळी खडी आणि प्लास्टिकची झाडं. प्लास्टिकला बारा काय चोवीस तास लाइट द्या, ते तक्रार करत नाही. खरी झाडं करतात. शिवाय आपण टाकीत लावतो त्यातली बरीचशी झाडं ओढ्याकाठची. वर्षातले कित्येक महिने ती पाण्याबाहेर असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांना फुकट मिळतो. पाण्यात तोच वायू हवेपेक्षा हजारो पट हळू पसरतो. म्हणून डोक्यावर सूर्य आहे एवढ्याने पोट भरत नाही. लाइट हा मुकादम आहे. तो कामाला जुंपतो, भाकरी देत नाही. भाकरी म्हणजे गॅस आणि खत. भाकरी तेवढीच ठेवून पाळी तिप्पट केली की झाड हातपाय गाळतं आणि रिकाम्या जागेवर शेवाळ हजर होतं, त्याला भाकरी लागतेच कितीशी.

आरजीबीचंही तेच. तो वाईट नाही. लाल, हिरवे, निळे दिवे वेगवेगळे असल्यामुळे लाल पान आणि नियॉनचा पट्टा डोळ्यांत भरतो, हे खरं. पण खोक्यावरचे ल्युमेन बघून तो किती जोरकस आहे हे कळत नाही. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, आणि डोळ्याला हिरवा सगळ्यात जास्त उजळ दिसतो. लाल-निळा उजेड त्या मापात कमी भरतो, झाडाला मात्र पुरेपूर लागू होतो. म्हणजे कागदावर गरीब आणि टाकीत मुजोर. त्यात तो डिम करून वापरलात तर बऱ्याच लाइटमध्ये दिवे वेगाने चालू-बंद करून उजेड कमी केलेला असतो. डोळ्याला कळत नाही, मोबाइलला कळतं. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. फोटोसाठी लाइट घ्यायचा आणि फोटोच बिघडवायचा.

विसर्जनानंतर दोन आठवडे मी टूथब्रशने शेवाळ गुंडाळत बसलो, तीन दिवस टाकीला घोंगडी पांघरून काळोख केला, शेवटी दसऱ्याला सगळं उपसलं. उपसण्याआधी एक गोष्ट केली, तीच तुम्ही आज करा. टाकीचा फोटो काढा आणि मोबाइलमध्येच कृष्णधवल करा. मी साडूंचाच फोटो घेतला होता, दुसरा नव्हता. गालिचा, रोटाला, लाकूड, दगड, सगळं एकाच राखाडी रंगात. मग मी शेवाळ येण्याआधीचे जुने फोटो काढून तसेच करून बघितले, तेही एकच राखाडी! म्हणजे शेवाळ साडूंचं, पण हिरवा गोळा माझा होता. तुमचाही तोच आहे, पैज लावतो. याला लाइट काहीही करू शकत नाही. गडद, मधलं आणि फिकं असं शेजारी-शेजारी मांडावं लागतं.

गडदसाठी मी काळा दगड आणला. भोरकडच्या आमच्या गावी विहिरीचं काम चाललेलं, फोडलेल्या दगडाचा ढीग पडलेला. नदीतल्या गोट्यांपेक्षा हे बरे, धारदार कडा असतात आणि सावली पडते. पण आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, ते बघून घ्या. मी एकेका दगडावर लिंबू पिळलं. दोन दगड गप्प राहिले. तिसऱ्याच्या पोटातल्या पांढऱ्या भागावर कान लावला तर बारीक चर्रर आवाज आणि सूक्ष्म बुडबुडे. ते कॅल्साइट, हळूहळू विरघळून पाणी जड करतं. तो दगड आता तुळशीखाली आहे.

दुसरी गोष्ट खोलीची, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतच्या अंतराची. पाण्यामुळे समोरून बघताना टाकीची खोली जेमतेम पाऊणपट दिसते. तुमची ३० सेंटिमीटरची टाकी कॅमेऱ्याला २२-२३ची वाटते. सपाट माती घातलीत तर मागची आणि पुढची झाडं एकमेकांना चिकटणारच. मी पुढे ३ सेंटिमीटर आणि मागे १४ असा चढ केला. टाकीची विकतची माती, म्हणजे सॉइल, महाग, एवढं भरणं परवडत नाही, म्हणून कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत जांभ्याचे तुकडे भरून मागे खाली रचले आणि वर सॉइल. जांभ्यात लोह असतं. युरोपात टाकीवाले एकेकाळी तळाला जांभ्याची भुकटी आवर्जून घालायचे, आणि आपल्याकडे त्याची कुंपणं घालतात. पुढे रुंद पानाचं क्रिप्टोकोरिन, मागे बारीक पानाची रोटाला. उलटं केलंत तर टाकी आणखी बुटकी दिसते. मधे पांढऱ्या वाळूची वाट, पुढे पसरट आणि मागे निमुळती. सॉइल नवीन असल्यामुळे माशांना घातक अमोनिया सुटतो, तेव्हा मासे आणि जुना चालू फिल्टर सहा आठवडे टबात. टब बाथरूमबाहेर होता. त्यावर घरात काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

फोटो जानेवारीत काढला. रोटाला पाच आठवडे आधी छाटली होती, म्हणजे फुटवे येऊन झुपके झाले होते. रात्रीची वेळ, हॉलचे दिवे बंद, टीव्ही बंद, माझ्या मागे काळी चादर धरून बायको उभी, नाहीतर काचेत सोफा दिसतो. काच आतूनही पुसायची, हे लोक विसरतात. पाइप काढले, फिल्टर दहा मिनिटं बंद, म्हणजे पानं हलत नाहीत. मोबाइल टाकीच्या मध्यासमोर, काचेला समांतर. तिरका धरलात की कडांना रंगांच्या झालरी येतात. जवळ जाऊन काढू नका, मागे सरकून दुप्पट झूम करा. वाळूवर बोट ठेवून उजेड आणि फोकस लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. शटर हाताने ठरवता येत असेल तर साध्या लाइटखाली १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पट्टे येत नाहीत. पण १/१००ला पोहणारा नियॉन पुसट येतो. त्याला १/२०० तरी लागतं, आणि तेवढं शटर मारलं की फोटो काळा.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. जास्त उजेड फोटोपुरता हवा असतो, दहा मिनिटं. दहा मिनिटांत शेवाळ येत नाही. तेव्हा लाइट विकत घेऊ नका, उसना आणा आणि वर दुसरा म्हणून ठेवा. समोरून नाही, वरून. टाकीत अशी झाडांची मांडणी करणाऱ्या पंथाचा मूळपुरुष म्हणजे जपानचा ताकाशी अमानो, त्याला लोक बागवाला समजतात. पण तो फोटोग्राफरही होता, मोठ्या फिल्मचे कॅमेरे घेऊन जंगलं टिपणारा. लिस्बनच्या मत्स्यालयातली त्याची ४० मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटरची टाकी २०१५ साली उघडली आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या टाक्यांचे फोटो बघा, उजेड कायम पाण्याच्या वरच्या बाजूने खाली उतरताना दिसतो. पाण्यावर तरंग हवे असतील तर हेअर ड्रायर तिरका धरा, थंड हवेवर. आमचा ड्रायर एकदा पाण्यापासून चार बोटांवर आला होता, तेव्हा प्लगवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा नेमा.

उसना लाइट कुणाचा मिळाला? साडूंचा. फ्लॉवरहॉर्नवरचा चार फुटी. तो आमच्या दोन फुटीवर दोन्ही बाजूंनी एकेक फूट बाहेर आलेला. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. मेव्हण्याने विचारलं, कुठून डाउनलोड केला. साडूंनी दोन दिवसांनी लिहिलं, "लाइट चांगला आहे."

हे लिहिताना पडताळायला त्यांचा तो चतुर्दशीचा फोटो पुन्हा उघडला आणि मोठा करून बघितला. कोपऱ्यात, त्यांच्या पोटाच्या प्रतिबिंबाशेजारी, ड्रॉप चेकर दिसतोय, म्हणजे पाण्यात गॅस किती आहे ते रंगावरून दाखवणारी छोटी कुपी. निळाजर्द. हिरवा असायला हवा होता. म्हणजे गॅस संपलेला होता. किती दिवसांपासून ते आता कळायला मार्ग नाही, आरत्या आणि मोदकांच्या नादात मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आग विझवायचे सिलेंडर भरणाऱ्याकडे मी तो भरायला नेला तो विसर्जनानंतर, आणि हलका लागला तेव्हा वाटलं होतं की दहा दिवसांत संपला असेल. तेव्हा अठरा तासांचा दोष साडूंचा, पण सगळं शेवाळ त्यांच्या नावावर टाकता येणार नाही. त्यांना हे सांगितलेलं नाही. ते या साइटवर नाहीत अशी माझी समजूत आहे.

आणि हो, तुमच्याकडे गॅस आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. नसेल तर माँटे कार्लो आणि लाल रोटाला विसरा, आहे तोच लाइट पाच-सहा तास ठेवा, दगड-लाकडाला अनुबियास आणि जावा फर्न बांधा, मागे नर्सरीतली ब्राह्मी लावून बघा, ती पाण्याखाली छान रुजते. कृष्णधवल फोटो मात्र आजच काढा, आणि इथे टाकलात तर बघतो.