सहीचा कागद

"मुलगा मिलिटरीत जायचं म्हणतोय. नाही म्हणावं तर लोक नावं ठेवतील, हो म्हणावं तर जिवाचा थरकाप होतो. काय करू, मॅडम?" सातारा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला दरवर्षी कितीतरी आया विचारतात. २०२५च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरनंतर, तो जास्तच कानावर आला. उत्तर म्हणून एका घराची हकिगत सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

आई मुलाला घेऊन आली ती "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून. पोरगा बारावी सायन्सला, नुकताच साडेसतरा पूर्ण झालेला. पहाटे साडेचारला उठून पळायला जायचा, सोळाशे मीटरचं टायमिंग वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. पुढची पानं कोरीच. तो माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मग आईनंच सांगितलं. तिनं त्याचे बूट तांदळाच्या पिंपामागं लपवले होते. तो अनवाणी पळाला. तिसऱ्या दिवशी तळपायाचे फोड फुटून चादरीला डाग लागले. त्या रात्री तो झोपल्यावर तिनं फोडांना हळद लावली आणि पहाटे बूट उंबऱ्याशी आणून ठेवले.

"पण सही करणार नाही, मॅडम."

अठरा पूर्ण नसतील तर अग्निवीर भरतीसाठी आईवडिलांची सही लागते. तो कागद देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली, दोन महिने पडून होता.

मी दोघांशी वेगवेगळं बोलले. आईकडं कारणं तयार होती. चारच वर्षांची नोकरी, त्यातले सहा महिने ट्रेनिंग. पुढं शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, बाकीचे साडेअकरा-पावणेबारा लाख घेऊन घरी. मग कॉलेज नाही, डिग्री नाही, लग्नाला मुलगी कोण देणार? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणून मी विचारलं, "ताई, उद्या पहिल्यासारखी पंधरा-सतरा वर्षांची पेन्शनवाली भरती निघाली, तर सही कराल?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाही."

नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. तो काश्मीरला असताना हा मुलगा तिच्या कडेवर होता. एका दुपारी गावात फौजेची गाडी आली. "अंगणात धान्य वाळत घातलं होतं. गाडी दिसली आणि माझ्या हातातलं सूप पडलं. गाडी आमच्या दारावरनं पुढं गेली, वरच्या आळीला. पुढं गेली म्हणून मला बरं वाटलं, मॅडम. त्या घरातली बाई माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आमच्या भागात ते सांगायला जागाच नाही. सैनिकी परंपरेचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. पण अशा मुलखात भ्यायलेल्या आईला आपलं देशप्रेमच कमी आहे असं वाटायला लावलं जातं. मी तिला स्पष्ट सांगितलं की ही भीती म्हणजे देशाशी बेइमानी नव्हे, आणि स्वार्थही नव्हे. ज्या बाईनं त्या वाट बघण्यात आपली ऐन उमेदीची वर्षं घालवली, तिला पुन्हा तीच वाट बघायची धास्ती वाटणारच.

मुलाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. त्याला आई म्हणजे पगार आणि पेन्शन मोजणारी बाई वाटत होती. प्रत्येक कारणाला त्याच्याकडं उत्तर पाठ होतं, कारण भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतली सगळी पोरं तेच बोलतात. भीती जर हिशेबाच्या भाषेत सांगितली, तर समोरूनही हिशेबच येतो. हे मी अनेक घरांत बघितलंय.

त्याला मी विचारलं, "फिजिक्सपासून पळतोयस की फौजेकडं पळतोयस?" आधी चिडला. मग म्हणाला, "थोडं थोडं दोन्ही." आणि नंतर, हळू आवाजात, "चार वर्षांनी परत आलो तर गाव काय म्हणेल, ह्याची मला पण भीती वाटते. पण घरात कुणाला सांगू?"

एका घरात दोघं भ्यालेले, आणि दोघं एकमेकांना धीट समजत होते.

वडील तिसऱ्या वेळी आले. आता ते एका बँकेत सिक्युरिटीला आहेत. खुर्चीच्या कडेवर ताठ बसले. "मी नको म्हटलं तर माझी चोवीस वर्षं फुकट गेली असं होतं. हो म्हटलं तर हिच्या तोंडाकडं बघवत नाही. म्हणून मी बोलतच नाही." मी त्यांना एकच काम दिलं: शौर्याची नको, साधी एखादी गोष्ट पोराला सांगा. त्यांनी तिथंच सांगितली. बेळगावला ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात ते रोज अंघोळीच्या वेळी रडायचे, कारण तेवढ्या वेळात डोळे लाल का, हे कुणी विचारत नसे. मुलगा बापाकडं बघतच राहिला. आई म्हणाली, "पत्रात तर कधी लिहिलं नाही!" मग तिनं गाडीची गोष्ट सांगितली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर व्यवहाराचं बोलणं सोपं झालं. फौजेतले अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे बारावी नीट झाली तर तो दरवाजाही उघडा आहे. पण गणिताचा ३०० गुणांचा पेपर चुकवता येत नाही. वहीची कोरी पानं त्यामुळे जरा भरायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन रंग ओळखण्याची तपासणी आणि तळपाय सपाट आहेत का, हे आधीच बघून घ्यायला मी लावलं. दोन-दोन वर्षं घाम गाळून भरतीच्या मेडिकलला हे कळलेली पोरं माझ्यासमोर ढसाढसा रडली आहेत. आणि "साहेबांशी ओळख आहे, अमुक लाख द्या" म्हणणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका, हेही वडिलांना बजावलं. अर्जाची ठरलेली फी सोडली तर भरतीला पैसे लागत नाहीत.

सहीबद्दल आईला एवढंच म्हटलं, "पाच-सहा महिन्यांत तो अठराचा होईल. मग तुमची सही लागणारच नाही. तोवर ह्या कागदानं त्याला अडवायचं, की ह्या कागदाच्या निमित्तानं त्याच्याशी बोलायचं, ते तुम्ही ठरवा." तिनं तेव्हा काही उत्तर दिलं नाही.

बारावीच्या निकालानंतर तिचा फोन आला. त्याला बऱ्यापैकी मार्क पडले होते, एनडीएचा एक प्रयत्न हुकला होता, दुसऱ्याचा अभ्यास चालू होता आणि भरतीचा फॉर्मही भरला होता. अठरा पूर्ण झालेले. "भीती कमी झाली का?" मी विचारलं. "कुठली कमी होतेय! रात्री उठून बघते, झोपलाय का." मग म्हणाली, "पण मॅडम, सही लागत नव्हती, तरी त्यानं फॉर्मचा प्रिंट आणून माझ्यापुढं ठेवला. मी चष्मा लावून सगळा वाचला. आईच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये त्यानं एक अक्षर चुकवलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं."