पगार येतो, पण जातो कुठे?

प्रश्न: ताई, पगार बरा आहे, तरी २० तारखेनंतर ओढाताण सुरू होते. तीन बँक खाती, एक क्रेडिट कार्ड, पॉलिसीचे कागद कुठे ठेवलेत तेही आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: कागदांपासूनच कर गं. गुंतवणुकीचं नंतर बघू. गेल्या ३ महिन्यांची स्टेटमेंट काढ, पेन घेऊन बस आणि प्रत्येक ओळीसमोर लिही हा खर्च कशाचा, मग कळेल न वापरता चालू राहिलेली सबस्क्रिप्शन्स, कधीतरी लावलेलं ऑटो डेबिट, असं कुठे कुठे पाणी मुरतंय. आता कार्ड. नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) भरत असशील तर सगळं सोडून आधी कार्डाची उरलेली थकबाकी संपव, कारण महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने वर्षाचं साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. सोबत ३ ते ६ महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे हळूहळू बाजूला पडू देत, आणि ते पगाराच्या दिवशीच आपोआप वेगळ्या खात्यात जातील असं लावून टाक, महिनाअखेरीला उरतील ते टाकू म्हटलं की काहीच उरत नाही. एखादं खातं बंद करणार असशील तर त्यावरचे हप्ते आधी दुसरीकडे हलव. आणि एका वहीत खाती, पॉलिसी, नॉमिनी सगळं लिही (पासवर्ड नको!), वही कुठे आहे ते घरात कुणाला तरी सांगून ठेव. माझे वडील गेले तेव्हा एका पॉलिसीचा कागद आम्हाला जुन्या कॅलेंडरमागे सापडला, तोही योगायोगाने.